पाटीच दिसली नाही, तर दंड कशाचा?

घरखर्चाची वही ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ‘किरकोळ’ नावाचा रकाना चांगलाच ओळखीचा असेल. सुया-दोरे, देवळातली दक्षिणा, मुलांच्या शाळेत अचानक मागितलेले वीस रुपये असं सगळं त्यात जातं. अलीकडे या रकान्यात एक नवा पाहुणा येऊन बसू लागला आहे आणि तो काही किरकोळ म्हणण्यासारखा नाही. गाडीच्या दंडाचे पाचशे रुपये! ‘मनाई असलेल्या जागी वाहन उभे केले’ असा मोबाइलवर संदेश येतो, घरातलं कुणीतरी कुरकुर करत पैसे भरतं आणि विषय संपतो.

तो असा संपवावा का, याबद्दल आज लिहायचं आहे. बऱ्याच भगिनींनी पत्रातून विचारलं आहे, “ताई, तिथे पाटीच नव्हती हो, मग दंड कसा?” एकीच्या पाटीवर कुणा भाऊसाहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक बांधलेला होता. दुसरीकडे रस्त्यावर नवं डांबर पडलं, त्याखाली पिवळी रेघ बुजली आणि कुणी ती पुन्हा मारलीच नाही. एकीला तर खांब सापडला, पण खांबावर पाटी नाही, नुसती स्क्रूची भोकं. वाचून हसू येतं खरं, पण पाचशे रुपये म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरी आठवड्याची भाजी आणि वर दूध. मी अर्धवेळ शिकवते. मला तासांवर पैसे मिळतात, त्यामुळे पाचशेचं गणित मी तासांतच करते, आणि ते बरंच मोठं निघतं.

पण तक्रार लिहायला बसण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर अर्ज फुकट जाईल. काही जागा अशा असतात की तिथे गाडी लावू नये, हे सांगायला पाटीची गरजच नसते. पायी चालणाऱ्यांची फरसबंदी म्हणजे फुटपाथ, रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे, चौकाचं तोंड, बसथांबा, शाळेचं किंवा दवाखान्याचं फाटक, आधीच उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी ओळ. वाहन चालवण्याचे जे विनियम केंद्र सरकारने २०१७ साली काढले, त्यांत ही मनाई सरसकट लिहिलेली आहे. लायसन घेताना हे आपण शिकलो असं धरलेलं असतं. आमच्या शेजारच्या वहिनी अशाच माझ्याकडे आल्या, “ताई, तुम्ही अर्ज छान लिहिता, मलाही लिहून द्या. पाटी नव्हती तिथं.” विचारलं तर गाडी दवाखान्याच्या फाटकासमोर! मी म्हटलं, “वहिनी, तिथे पाटी कशाला हवी? ॲम्ब्युलन्सला वाट नको का? पैसे भरून टाका.” दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. असो.

दुसरा प्रकार वेगळा. रस्ता साधा, एरवी गाडी लावायला काहीच हरकत नसलेला, पण वाहतुकीची गर्दी वाढली म्हणून अधिकाऱ्याने आदेश काढून तिथे मनाई केली. इथे मात्र तुम्हा-आम्हाला स्वप्न पडणार नाही. कुणीतरी सांगितलं पाहिजे, आणि ते सांगण्याचं काम पाटीचं आणि रेघांचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात याची तरतूद आहे. कलम ११५ प्रमाणे एखाद्या भागात किंवा रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा बंधन घालायचं असेल तर ते राजपत्रात अधिसूचना काढून घालायचं आणि योग्य त्या खुणांच्या पाट्या योग्य ठिकाणी लावायच्या, असं कायदाच म्हणतो. महिनाभराच्या आतलं बंधन असेल, म्हणजे जत्रा, मिरवणूक, पूर वगैरे, तर राजपत्र लागत नाही, पण स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. कलम ११६ पाट्यांविषयी आहे आणि ११७ गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवण्याविषयी. शहरात वाहतूक पोलीस ‘या रस्त्यावर नो पार्किंग’ असे जे आदेश काढतात, त्यांच्या डोक्यावर हीच कलमं लिहिलेली असतात.

पाटी कशी असावी तेही मनावर सोडलेलं नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चित्रं दिली आहेत. निळ्या गोलाला लाल कड आणि त्यावर एकच तिरकी लाल रेघ, म्हणजे गाडी उभी करून जायचं नाही. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंसुद्धा नाही, माणूस उतरवायलाही नाही. निळ्या चौकोनात पांढरा इंग्रजी ‘पी’ म्हणजे खुशाल लावा. १९६८ साली व्हिएन्नाला देशोदेशींचा रस्त्यांवरच्या खुणांचा जो करार झाला, त्यातली मनाईची खूणही अशीच आहे, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही कळावी अशी. मी वर्गात मुलांकडून हे गोल कागदाचे कापून घेते. एक रेघ आणि फुली यांत दर वर्षी अर्धा वर्ग गोंधळतो, आणि पालकांच्या सभेत विचारलं तर पालकही गोंधळतात!

दुकानदार आपल्या दारात जी पाटी रंगवतात, ‘नो पार्किंग, चाकातली हवा सोडली जाईल’, ती या हिशेबात धरू नका. अशी पाटी लावायचा अधिकार दुकानदाराला नाही आणि हवा सोडायचा तर मुळीच नाही. म्हणून कुणाच्या फाटकाची वाट अडवून गाडी लावावी असं मात्र नाही हं.

सर्वांत घोळ घालतात त्या ‘पी १, पी २’ च्या पाट्या. पुण्याला, नागपूरला आणि इतर शहरांतही विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या असतात. स्थानिक माणसाला ते सवयीने कळतं. बाहेरगावच्या बाईने काय करावं? संकष्टी कधी आहे ते विचारा, आम्ही झोपेतही सांगू. पण पाटीवर नुसतं ‘पी १’ लिहून तारखेचा उलगडा केलेला नसेल, तर ते कोडं आहे, सूचना नाही. कोड्याचं उत्तर चुकलं म्हणून दंड, हे माझ्या शाळेतसुद्धा चालत नाही.

आता आमच्याकडचीच हकिगत सांगते, कारण तिच्यातून बाकीची माहिती आपोआप येईल. आमचं गोसीखुर्द म्हणजे वैनगंगेच्या काठचं, धरणाचं गाव. इथे गाडी कुठे लावावी हा प्रश्न बाभळीची सावली कुठे पडते एवढाच असतो. मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाची भांडी घ्यायला जाऊबाई आणि मी एका शहरात गेलो. गाडी मीच चालवते, ह्यांना एसटीच्या खिडकीत बसून पेपर वाचणं जास्त आवडतं. बाजारात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या चुन्यासारख्या रंगाचे चौकोन आखलेले होते, थोडे पुसट, पण होते. चौकोनांत ओळीने गाड्या होत्या. एक रिकामा दिसला, त्यात मी गाडी लावली. भांडी घेतली, घरी आलो. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या मोबाइलवर संदेश! गाडी ह्यांच्या नावावर, म्हणून संदेशही ह्यांनाच.

घरात जी चर्चा झाली ती तुमच्या घरीही होत असेल. सासूबाई म्हणाल्या, “भरून टाक बापा पयसे. पोलिसाच्या नादी कोन लागते?” हे म्हणाले, “अगं, पाचशे रुपयांसाठी कोण खेटे घालणार? जाण्या-येण्यातच तेवढे जातील.” दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. पण पैसे भरणं म्हणजे नुसते पैसे देणं नसतं. कायद्याच्या कलम २०० प्रमाणे ती तडजोड होते, म्हणजे गुन्हा झाला असं धरून प्रकरण मिटतं. मग ‘मी भरले, पण मला मान्य नव्हतं’ याला अर्थ उरत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे आकडे वाढलेत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नो पार्किंगला पहिल्या खेपेला पाचशे आणि पुन्हा झालं तर दीड हजार. म्हणून मी ह्यांना म्हटलं, “मला आठ दिवस द्या. खेटे न घालता काय होतं ते बघू.”

पहिलं काम चलन नीट वाचणं. राज्याच्या वाहतूक चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की चलन दिसतं, त्यावर तारीख, वेळ, जागा, कलम आणि फोटो असतो. आमच्या फोटोत गाडीची पाठ होती, एक हातगाडी होती, आणि पाटी? कुठेच नाही. चाकाखाली मात्र पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. म्हणजे ज्यांनी दंड केला, त्यांच्याच फोटोत आमचा पुरावा! हा फोटो लगेच जपून ठेवा, छापून घ्या. उपकरणाने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ साली केंद्राने जो नियम केला, १६७-अ, त्यात अशी नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची आणि चलन निकाली निघेपर्यंत फोटो-चित्रीकरण सांभाळून ठेवायचं असं सांगितलं आहे. आणखी एक. २०२५ च्या जुलैत राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी परिपत्रक काढून बजावलं की कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खाजगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये. तेव्हा फोटो कशावर काढला, हेही अर्जात नम्रपणे विचारता येतं.

दुसरं काम जागेचे फोटो. दिराचा मुलगा त्याच शहरात कॉलेजात आहे. त्याला रविवारी पाठवलं आणि काय-काय काढायचं ते फोनवर सांगितलं. मुलं पाटीचा जवळून एक छानसा फोटो काढून पाठवतात, त्याचा काही उपयोग नाही. पाटी जवळ गेल्यावर दिसणारच. ज्या दिशेने आपण आलो त्या दिशेने, बसल्या जागेवरून गाडीवाल्याला काय दिसतं ते हवं. मग दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास पावलं जाऊन काढलेले, आणि रस्त्याच्या कडेचे. त्याने पाठवलेल्या फोटोंत पाटी होती, बरं का! पण गुलमोहराच्या फांदीआड, आणि तोंड दुसरीकडे फिरलेली. खाली चौकोन आहेतच, आणि त्यांत आणखी आठ-दहा गाड्या. फोटो ज्या दिवशी काढला तीच तारीख लिहायची. घटनेच्या दिवसाचा म्हणून खपवायचा मोह कुणाला होईल, तर तसं करू नका. खोटी तारीख सापडली की खरी तक्रारही खोटी ठरते.

मग संकेतस्थळावरच्या तक्रारीच्या रकान्यात ह्यांच्या नावाने लिहिलं आणि फोटो जोडले. इथे एक लक्षात ठेवा. गाडी ज्याच्या नावावर, तक्रार त्याच्या नावाने. लिहा तुम्ही, पण नाव आणि सही मालकाची. आणि ज्या घरात गाडी बाईच वापरते, तिथे गाडीच्या कागदांवर तिचा मोबाइल नंबर नोंदवून घ्यावा असं मी सुचवीन. नाहीतर संदेश नवऱ्याला, आणि तुमच्या कानावर येईपर्यंत तो पैसे भरून मोकळा. तक्रारीची मुदत चलनावर किंवा संकेतस्थळावर दिलेली असते ती पाहायची, आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहायची नाही.

उत्तर आलं. एक ओळ. ‘चलन योग्य आहे.’ का योग्य, ते नाही.

इथे बहुतेक जणी हात टेकतात. मीही वैतागले, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर ‘मी सांगितलं होतं’ असं लिहिलेलं दिसलं त्याने जास्तच वैतागले. मग दोन अर्ज लिहिले, माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या या कायद्याखाली अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. दहाचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं तरी चालतं. मराठीत लिहा, दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहा, असा महाराष्ट्राचा नियम आहे. त्यामुळे ‘या देशात सामान्य माणसाला’ वगैरे लिहायला जागाच उरत नाही, हे चांगलंच. ज्यांनी दंड केला त्यांना विचारलं, या रस्त्यावर मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत द्या. ज्यांच्याकडे रस्त्याची देखभाल त्यांना विचारलं, इथे पाटी कोणत्या तारखेला लावली आणि जुने पांढरे चौकोन पुसण्याचं काम कधी झालं, त्याच्या नोंदीची प्रत द्या. ‘का’ असा प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा. ‘का’ ला उत्तर द्यायला ते बांधलेले नसतात.

तीस दिवसांची मुदत असते. मुदतीच्या आतबाहेर दोन्हीकडून उत्तरं आली. आदेश खरोखर होता, त्यात शंका नाही, आणि त्यातच लिहिलं होतं की पाट्या लावाव्यात आणि जुने पट्टे काढून टाकावेत. पट्टे पुसण्याबद्दल दुसऱ्या कार्यालयाने कळवलं होतं, ‘सदर काम प्रस्तावित आहे.’ त्या एका शब्दावर आमचे पाचशे रुपये वाचले म्हणा ना! काम प्रस्तावित आहे म्हणजे झालेलं नाही, आणि झालेलं नाही म्हणजे रस्त्यावर एकाच वेळी दोन हुकूम होते. खाली ‘लावा’, वर फांदीआड ‘लावू नका’. या दोन्ही उत्तरांच्या प्रती जोडून वाहतूक शाखेच्या प्रमुख अधिकाऱ्यांना पुन्हा अर्ज केला. चलन रद्द झाल्याचं कळायला एकूण साडेतीन महिने लागले. ‘क्षमस्व’ वगैरे काही नव्हतं, अपेक्षाही नव्हती. मधल्या काळात पुतण्या सांगत होता की फांदी छाटली आणि पाटी सरळ केली आहे. छान झालं, पण म्हणूनच पहिल्या रविवारचे फोटो मोलाचे होते. सगळा खर्च, दोन अर्जांचे वीस रुपये, टपाल, झेरॉक्स धरून दोनशेच्या आत बसला. खेटा एकही नाही.

आता कुणी म्हणेल, रंग जरा फिकट झाला की लगेच दंड माफ, असं असेल तर मजाच आहे. तसं नाही, आणि नसावंही. विलायतेत या विषयावर बरेच खटले झाले. १९७१ साली एका खटल्यात रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा नियमात दिलेल्या नमुन्याप्रमाणे आखलेल्या नव्हत्या, एवढ्यावरून तिथल्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण २०११ साली संडरलंड शहरातल्या पावत्यांचं प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं, तेव्हा निकाल उलटा लागला. रेघ कुठे तुटलेली, कुठे वाकडी, अशा बारीक उणिवा दाखवल्या होत्या. न्यायालयाने म्हटलं, यामुळे कुणाची दिशाभूल झाली असती का? नाही ना? मग दंड बरोबर. आपल्या कोर्टांना हे निकाल बांधील नाहीत, पण स्वतःला विचारायला प्रश्न चांगला आहे. पाटी जुनी असली तरी मला कळलं होतं का? कळलं असेल तर पैसे भरावे. अनोळखी, पण जागरूक बाईलाही ते कळणं शक्य नव्हतं, अशी खात्री असेल तरच अर्ज करावा.

गाडी उचलून नेली तर काय, असंही एकीने विचारलंय. यात कलम १२७ लक्षात ठेवा. जिथे कायद्याने मनाई आहे अशा जागेवरून गाडी ओढून न्यायला परवानगी आहे, पण ती देणारा गणवेशातला पोलीस अधिकारी पाहिजे. नुसत्या गाडीवरच्या पोरांनी उचलली तर तो अधिकारी कोण होता हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. अतिउत्साह कुठवर जातो पाहा. २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईला मालाडमध्ये बाळाला घेऊन बसलेल्या बाईसकट गाडी ओढून नेल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि संबंधित पोलीस शिपायाला निलंबित करावं लागलं. २०२१ च्या ऑगस्टात पुण्याच्या नाना पेठेत तर मोटरसायकल स्वारासकट उचलली! गाडी सोडवताना मिळेल ती पावती घ्या, ओरखडे-पोचे असतील तर तिथेच फोटो काढा.

जागेवर पोलीस समोर असतील तर वाद मात्र घालू नका. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात चौकात आठ तास उभं राहायचं म्हणजे काय असतं, ते दुपारी अंगणात पापड वाळत घालणाऱ्या बाईला सांगायला नको. पाटी त्यांनी रंगवलेली नसते, फांदीही त्यांनी वाढवलेली नसते. “साहेब, मला पाटी दिसली नाही, मी लेखी कळवते,” एवढं म्हणून चलन घ्यावं.

आणि अर्जाला नकारच आला तर? मग तुम्ही न्यायालयात म्हणणं मांडू शकता. पाचशे रुपयांसाठी प्रत्येकीने कोर्टाची पायरी चढावी, असं मी म्हणणार नाही. मात्र घरगुती डबे पोचवणाऱ्या, मसाले-पापड दुकानांत देणाऱ्या बाईला एकाच जागी पुन्हा पुन्हा चलन येत असेल तर तिचा धंदाच बुडतो, तिथे लढलं पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकिलाची मदत मिळू शकते आणि त्यासाठी तिचं उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही. बऱ्याच जणींना हे ठाऊकच नसतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला त्यांची समिती असते. लोकअदालतीतही ही चलनं घेतात, पण तिथे तडजोड होते आणि तिथला निवाडा अखेरचा असतो, त्यावर अपील नाही. चूक झाली आहे, रक्कम जमत नाही, अशांनी तिथे जावं. ‘माझी चूकच नाही’ म्हणणाऱ्यांची ती जागा नव्हे.

पावसाळ्यात आमच्या धरणाचे तेहतीस दरवाजे उघडले की पाहायला चारी बाजूंनी माणसं येतात आणि गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लावतात. अशा वेळी तात्पुरती मनाई झाली तर ती ध्वनिक्षेपकावरून सांगितलेलीही असू शकते. तेव्हा येणाऱ्या मैत्रिणींनी केवळ पाटीच्या भरवशावर राहू नये, कानही उघडे ठेवावेत.

पुष्कळ जणींनी अर्जाचा नमुना मागितला आहे, तो देते. यात आपापल्या गोष्टी भरून घ्या.

प्रति, मा. प्रमुख अधिकारी, वाहतूक शाखा (शहराचे नाव).
विषय : चलन क्रमांक ...... रद्द करण्याबाबत.
महोदय, माझे वाहन क्रमांक ...... यावर दिनांक ...... रोजी ...... येथे वाहन उभे केल्याबद्दल चलन झाले आहे. त्या दिवशी मी ...... दिशेकडून आलो/आले. या दिशेने मनाईचा फलक दिसत नाही, कारण ...... (फांदी, फलक फिरलेला, फलक नाही). रस्त्यावर वाहने उभी करण्याचे पांढरे पट्टे आखलेले आहेत / पिवळी रेघ दिसत नाही. दिनांक ...... रोजी काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. चलनासोबतच्या आपल्या छायाचित्रातही फलक दिसत नाही. तरी चलन रद्द करावे, अथवा ते कायम ठेवावयाचे असल्यास मनाई आदेशाची प्रत व कारणे लेखी कळवावीत, ही विनंती.
आपला/आपली, (गाडीच्या मालकाची सही, पत्ता, तारीख)

दोन प्रती करा. हातोहात दिलात तर आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, ‘मॅडम, शिक्का संपलाय’ म्हणाले तर सही घ्या. टपालाने पाठवायचं असेल तर पूर्वीचं रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टातच मिळवलं आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट मागा आणि पोच हवी असल्याचं सांगा. पावती गाडीच्या विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. माझी मी मसाल्याच्या डब्याखाली ठेवली होती आणि हळदीने ती इतकी पिवळी झाली की नंबर भिंग लावून वाचावा लागला.